कॅमेरा कुठे उभा आहे?

चित्रपट पाहून बाहेर पडलेला आपल्या चळवळीतला कार्यकर्ता साधारणपणे दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘आपला पिक्चर आहे, पाहिलाच पाहिजे,’ हे पहिले वाक्य. ‘एवढ्या कोटींचा धंदा केला,’ हे दुसरे. पहिल्यात आपल्या माणसांविषयीचा जिव्हाळा आहे. दुसऱ्यात प्रस्थापितांच्या बाजारात जाऊन आपण बाजी मारल्याचा आनंद आहे. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. परंतु या दोन्ही वाक्यांत प्रत्यक्ष चित्रपटाविषयी काहीच सांगितलेले नसते. तो कसा सांगितला गेला, काय दाखवले गेले, काय दडवले गेले, कोणाच्या डोळ्यांनी पाहिले गेले, यांचा विचार दोन्हीकडे सुटून जातो.

हा विचार आपल्याला नवा नाही. १९६० नंतर दलित साहित्य पुढे आले, तेव्हा प्रस्थापित समीक्षक म्हणाले होते की, अनुभव जळजळीत आहे खरा, पण यात कला कुठे आहे? आपल्या लेखकांनी त्याला उत्तर दिले. अनुभव आणि कला अशी फाळणीच त्यांनी नाकारली, आणि ज्या मापाने तुम्ही मोजता ते मापच कोणी तयार केले, असा उलट प्रश्न केला. दुर्दैवाने आज चित्रपटाच्या बाबतीत आपण स्वतःच ती फाळणी पुन्हा स्वीकारतो आहोत. ‘विषय चांगला आहे, शिवाय फोटोग्राफीही छान आहे,’ असे आपण म्हणतो. जणू विषय एका खोलीत राहतो आणि फोटोग्राफी दुसऱ्या.

माझे म्हणणे असे की, कॅमेरा कुठे ठेवायचा, किती उंचीवर ठेवायचा, एखाद्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचे, आवाज कुठे बंद करायचा, हे निर्णय वरवर तांत्रिक दिसले तरी मुळात सामाजिक निर्णय असतात. गावात कोणी कुठे उभे राहायचे हे जातीने ठरवून दिले आहे. पडद्यावर कोणी कुठे उभे राहायचे हे दिग्दर्शक ठरवतो. तो गावचीच व्यवस्था पडद्यावर पुन्हा मांडतो, की मोडतो, हे पाहणे म्हणजेच त्याच्या कारागिरीचे मूल्यमापन करणे होय.

नगर जिल्ह्यातून पाहताना

ही चर्चा नगर जिल्ह्यातून करायला सबळ कारण आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे, लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे.) दया पवार याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे. त्यांच्या ‘बलुतं’ची (१९७८) रचना आठवून पाहा. तिथे दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवले आहेत. कोण कोणाकडे पाहतो, कोण कोणाविषयी सांगतो, हा कॅमेऱ्याचा मूळ प्रश्न त्या पुस्तकाने कॅमेऱ्याशिवाय मांडला होता. पुढे जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटाच्या पटकथेतही दया पवारांचा सहभाग होता.

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. तिथल्या शिक्षणातून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट तयार झाला. त्याला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’चे कथानक त्यांनी नगरजवळच्या अकोळनेर गावात ठेवले. नगर जिल्ह्याच्याच मातीतून आलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ (२०१५) केला. मुंबई-पुण्याच्या चित्रपटधंद्याशी नाते नसलेल्या मुलांनी इथे कॅमेरा हातात घेतला, ही घटना आपल्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. पण केवळ नोंदवून भागणार नाही. त्यांनी कॅमेऱ्याचे काय केले, हे तपासले पाहिजे.

कणव आणि नजर

आधीची परंपरा थोडक्यात पाहू. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) हे अस्पृश्यतेवरचे गाजलेले हिंदी चित्रपट. दोन्ही प्रामाणिक आहेत. दोहोंत अस्पृश्य नायिका सोशिक, निर्मळ आणि त्यागी आहे. ‘अछूत कन्या’त ती शेवटी जीव देते. ‘सुजाता’त तिचे रक्त उच्चवर्णीय आईला चालते आणि तेव्हा कुठे त्या आईचे मन बदलते. म्हणजे कथेचे खरे नाट्य सवर्णाच्या मनात घडते. दलित व्यक्तिरेखा त्या मनपरिवर्तनाचे निमित्त ठरते. कॅमेराही साहजिकच सवर्णाच्या अंगणात उभा राहतो आणि तिथून तिच्याकडे कणवेने पाहतो. कणव ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु कणव करणारा नेहमी थोडा वर उभा असतो.

१९७४ साली श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ आला. त्याच्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो आणि पडदा लाल होतो. समांतर चित्रपटाच्या पिढीने तो दगड क्रांतीची खूण मानला. तो दगड जमीनदाराकडे जातो. प्रेक्षागृहात बसलेला मध्यमवर्गीय प्रेक्षक त्या मुलाच्या बाजूने असतो. त्याला काही लागत नाही.

‘फँड्री’ चित्रपटगृहांत आला १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. त्याच्या शेवटीही एक मुलगा दगड मारतो. तो दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. दोन चित्रपटांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. त्या चाळीस वर्षांत काय बदलले ते या दोन दगडांच्या दिशेतून समजते. कॅमेऱ्याच्या जागी आपण बसलेलो असतो. तोवर दीड तास आपण जब्याच्या बाजूचे आहोत असे समजत होतो. दिग्दर्शक शेवटच्या क्षणी विचारतो, खरोखर होतात का?

‘फँड्री’ : लपण्याचे दृश्यशास्त्र

कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या (सोमनाथ अवघडे) हा कैकाडी कुटुंबातला शाळकरी मुलगा. वर्गातली शालू (राजेश्वरी खरात) त्याला आवडते. तिचे मन वळावे म्हणून तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. बाप कचरू (किशोर कदम) मुलीच्या लग्नाच्या पैशांसाठी गावची डुकरे धरण्याचे काम घेतो आणि सारे घर त्या कामाला जुंपतो. कथा एवढीच. एका परिच्छेदात सांगून संपते. मग चित्रपट कशाने उभा राहतो?

माझ्या मते तो लपण्याने उभा राहतो. डुक्कर धरताना शालूने आपल्याला पाहू नये म्हणून जब्या आडोशाला लपतो, आणि त्यासाठी बापाचा मार खातो. विक्रम अमलाडी यांचा कॅमेरा वारंवार त्याच्या उंचीवर, त्याच्या सोबत राहतो. गाव आपल्याला त्याच्या आडोशातून दिसते. जातीचा अनुभव म्हणजे शिवी, मार, बहिष्कार एवढाच नसतो. पाहिले जाण्याची भीती हाही जातीचाच अनुभव असतो. बाबुराव बागुलांच्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) असे आहे. शब्दांत सांगितलेली ती चोरी इथे एका मुलाच्या अंग चोरण्यातून दिसते. याला मी कारागिरी म्हणतो. एकही वाक्य न बोलता शरीराच्या हालचालीतून समाजशास्त्र सांगितले जाते.

राष्ट्रगीताचा प्रसंग घ्या. डुक्कर हाती येण्याच्या बेतात आहे आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. बापालाही थांबावे लागते. डुक्कर निघून जाते. प्रेक्षागृहात या प्रसंगाला हशा येतो. तो हशा विरण्याच्या आतच घशात काहीतरी अडकते, कारण राष्ट्राचा मान राखणारा हा मुलगा त्याच राष्ट्राच्या एका गावात डुकरे धरतो आहे. या प्रसंगावर कोणी भाष्य करीत नाही. दोन गोष्टी एका चौकटीत ठेवल्या, इतकेच. चित्रपटाच्या भाषेत युक्तिवाद असाच करायचा असतो.

आणि ती भिंत. धरलेले डुक्कर काठीला बांधून बाप-लेक नेत आहेत. मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. काही मित्रांना हे दृश्य फार उघड वाटते. मला तसे वाटत नाही. चौकटीतले कोणीही त्या भिंतीकडे पाहत नाही. ओझे वाहणाऱ्याला मान वर करायला सवड नाही. भिंतीवर महापुरुष आणि भिंतीखाली तेच काम, हे आपल्या गावोगावचे रोजचे दृश्य आहे. जयंतीला भिंत रंगवणाऱ्या आपल्यालाही ते बोचावे, असेच ते घेतले आहे.

शेवटच्या डुक्करपकडीत गावकरी कडेला बसून मजा पाहतात, चिडवतात, मोबाइलवर फोटो काढतात. प्रेक्षकांच्या आत आणखी एक प्रेक्षक बसवला आहे. तिकीट काढून आत बसलेल्या आपल्यात आणि त्यांच्यात फरक किती, हा प्रश्न हळूहळू तापवत नेला जातो, आणि मग दगड येतो. तो अचानक आलेला नाही. त्याची तयारी पहिल्या दृश्यापासून चाललेली होती. कथनाची बांधणी म्हणतात ती हीच.

‘ख्वाडा’ : काम दाखवण्याची रीत

‘ख्वाडा’त धनगराचे कुटुंब आहे. वनखात्याने घेतलेल्या जमिनीचा खटला कोर्टात पडून आहे आणि बाप रघू (शशांक शेंडे) कळप घेऊन गावोगाव भटकतो आहे. या चित्रपटाला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार तर मिळालाच. शिवाय प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला. हा दुसरा पुरस्कार मला अर्थपूर्ण वाटतो. स्टुडिओत नंतर भरलेल्या आवाजात माणसे स्वच्छ बोलतात, पण ती माळावरची राहत नाहीत. मेंढरांचा, वाऱ्याचा, कुत्र्यांचा आवाज त्यांच्या बोलण्यात मिसळला की, त्यांचे दारिद्र्य सांगावे लागत नाही. त्यांचे जगणे ऐकू येते.

मराठी ग्रामीण चित्रपटात वर्षानुवर्षे पाटलाचा वाडा, चावडी आणि तमाशाचा फड एवढेच गाव होते. काम करणारी माणसे मागे सजावटीला असत. नांगर दिसे तो गाण्यात. ‘ख्वाडा’ने काम समोर आणले. कळप हाकणे, तळ टाकणे, तळ उठवणे यांना वेळ दिला. पडद्यावरचा वेळ ही एक प्रकारची जमीन आहे. ती कोणाच्या नावावर किती चढवली, हे पाहिले की दिग्दर्शकाची बांधिलकी त्याच्या मुलाखती न वाचताही कळते.

‘सैराट’ आणि ‘धडक’ : एका शेवटाचे दोन प्रकार

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. शंभर कोटींच्या आसपास कमाई करणारा हा मराठीतला पहिला चित्रपट. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्याच्याविषयी आपल्यात दोन टोकांची मते आहेत. कोणी त्याला क्रांती म्हणतो, कोणी बाजारूपणा. दोघांनीही त्याची रचना नीट पाहावी, असे मला सुचवायचे आहे.

चारही गाणी पूर्वार्धात आहेत. अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला, त्याचे मुद्रण अमेरिकेत झाले. मासेमारी करणाऱ्याचा मुलगा परश्या धावत येऊन विहिरीत उडी घेतो, तेव्हा दृश्य संथ होते आणि शेकडो तारा एकदम वाजतात. संथगती आणि भव्य संगीत ही हिंदी चित्रपटाने श्रीमंत घरच्या नायकासाठी राखून ठेवलेली मिरास होती. ती इथे वस्तीतल्या पोराला दिली गेली. यात नुसते रंजन पाहणे चूक ठरेल. स्वप्न पाहण्याचा हक्क हाही हक्कच आहे.

उत्तरार्धात हे सारे काढून घेतले जाते. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, कारखान्यातले काम, संशय, भांडण. एकही गाणे नाही. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचे छायालेखन रंगांचा उत्सव सोडून देते. अनेक प्रेक्षकांना हा भाग लांबलेला वाटला. तो लांबलाच पाहिजे. पळून जाण्याला तीन मिनिटांचे गाणे पुरते. पळून गेल्यावर जगायला वर्षे लागतात.

आता शेवट. आर्चीचे माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात. चहा होतो. खून दाखवला जात नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते, आत पाहते आणि रडत बाहेर पडते. त्याची रक्ताने माखलेली पावले जमिनीवर उमटत जातात. आवाज पूर्ण बंद आहे. ज्या चित्रपटाने आपल्याला एवढे संगीत दिले, त्याने शेवटी एक हुंदकाही ऐकू दिला नाही. पूर्वार्धात गाणी नसती तर ही शांतता इतकी भयंकर झाली नसती.

‘धडक’ (२०१८) हा त्याचा हिंदी अवतार. गाव सुटून उदयपूरचे राजवाडे आले, आणि जात एखाददुसऱ्या उल्लेखापुरती उरली. बागुलांच्या कथेतला नायक जात चोरतो तो जीव वाचवण्यासाठी. इथे भांडवलाने जात चोरली ती धंदा वाचवण्यासाठी. शेवटही बदलला. नायिका जिवंत राहते, आणि तिच्या डोळ्यांदेखत नवरा व मूल इमारतीवरून खाली पडतात. हा धक्का आहे. धक्का बसतो आणि ओसरतो. ‘सैराट’चे लेकरू मात्र जिवंत आहे. ते चालत चित्रपटाच्या बाहेर येते आणि त्याचे पुढे काय, हा प्रश्न आपल्या पदरात टाकते. एका चित्रपटाने घाव दाखवला, दुसऱ्याने उरलेला माणूस दाखवला. तंत्र आणि मूल्य वेगळे करता येत नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात शिकवायला दुसरे सापडणार नाही.

तमिळमधल्या मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’चा (२०१८) शेवटही जोडीला ठेवता येईल. चहाचे दोन पेले, मध्ये एक फूल. बस्स. आपल्या वडिलांनी हॉटेलबाहेर वेगळ्या कपात चहा घेतलेला असेल, तर त्या चौकटीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

खर्डा

या सगळ्याला नगर जिल्ह्यात एक कठोर संदर्भ आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनई येथे तीन दलित तरुणांचा निर्घृण खून झाला. ‘फँड्री’ चित्रपटगृहांत येऊन अडीच महिने होत नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारहाण करून ठार करण्यात आले. सवर्ण मुलीशी बोलल्याचा संशय हे कारण सांगितले गेले. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

चित्रपटातला जब्या आणि खर्ड्याचा मुलगा यांचे वय जवळपास सारखे. मग चित्रपटाचा उपयोग काय झाला, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतात, आणि तो टाळता येणार नाही. चित्रपटाने खून थांबत नाही. कायदा, पोलीस, साक्षीदारांचे संरक्षण, जमिनीचा प्रश्न आणि संघटना यांचे काम चित्रपट करू शकत नाही, आणि ते त्याच्यावर ढकलूही नये. परंतु साक्षीदार फितूर होतो म्हणजे काय होते? पाहिलेले असून पाहिले नाही असे तो सांगतो. सारे गाव पाहत असते आणि कोणीच पाहिलेले नसते. ‘फँड्री’चा शेवट ज्या बघ्यांवर दगड मारतो ते हेच बघे. चित्रपट न्याय देत नाही; पण पाहणे ही जबाबदारी आहे, एवढे तो शिकवू शकतो. जो चित्रपट हेही शिकवत नाही तो कितीही सुंदर असला तरी आपल्या दृष्टीने उणा आहे.

आपल्या चित्रपटांची उणी बाजू

आपल्यांना माफी आणि परक्यांना फाशी, ही समीक्षा नव्हे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो.

‘फँड्री’त शालूला स्वतःचे मन जवळजवळ नाही. कॅमेरा जब्याचे डोळे होतो तेव्हा शालू ही केवळ पाहण्याची वस्तू होते. जब्याच्या वयाची नजर तशीच असते, हे उत्तर अर्धेच पटते. त्याच घरात छाया कदम यांनी उभी केलेली आई आहे, बहिणी आहेत, त्याही डुकरामागे धावतात. त्यांच्या लाजेला, त्यांच्या लपण्याला चित्रपटाने फारसा वेळ दिलेला नाही. दलित स्त्रीच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा अजून क्वचितच उतरला आहे.

‘सैराट’मध्ये दलित कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पाटलाचा मुलगा प्रिन्स भर वर्गात थोबाडीत मारतो. प्रसंग विलक्षण आहे. गंमत म्हणजे प्रिन्स झालेला सूरज पवार ‘फँड्री’त जब्याचा मित्र होता, सत्ता चेहऱ्यात नसते, जागेत असते, हे या निवडीनेच दाखवले. पण त्या प्राध्यापकाचे पुढे काय झाले, त्याच्या मनात काय चालले, याकडे कथा वळत नाही. शिवाय पूर्वार्धाची झिंग इतकी जबर होती की, लग्नाच्या वरातीत, गणपतीपुढे सगळ्या जातींची पोरे त्यावर नाचली आणि उत्तरार्ध विसरली. दोष सर्वस्वी दिग्दर्शकाचा नाही. तरीही लोकप्रियतेची साधने वापरताना ती साधनेही आपल्याला वापरून घेतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

‘झुंड’मध्ये (२०२२) अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडतात. हिंदी चित्रपटाच्या सर्वांत मोठ्या नटाला त्या जागी आणून उभे करणे ही घटना लहान नव्हे. नागपूरच्या वस्तीतल्या मुलांना चेहरे, बोली, विनोद सगळे मिळाले आहे. तरी बाहेरचा कोणी भला गुरुजी येऊन उद्धार करतो, हा जुना साचा पूर्ण मोडलेला नाही. चित्रपट त्या साच्याशी झगडतो. वस्ती आणि कॉलेज यांच्यामधली भिंत पुन्हा पुन्हा दाखवून तो आठवण देतो की, एक गुरुजी भेटल्याने भिंत पडत नाही.

आणि आपल्याकडचे सद्हेतूचे चित्रपट. महापुरुषांवर चित्रपट काढला म्हणजे तो चांगलाच असला पाहिजे, ही समजूत सोडून द्यावी. पात्रे सबंध वेळ भाषण करीत असतील, तर तो चित्रपट वाईट आहे, आणि तसे सांगणे हा बाबासाहेबांचा अवमान होत नाही. अर्थात अडथळे बाहेरूनही येतात. ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळाने जातिवाचक शब्द व काही संदर्भ बदलायला लावले, आणि तो २५ एप्रिलला आला. जोतीरावांवरच्या चित्रपटातून जातींची नावे काढायची, म्हणजे डॉक्टरला रोगाचे नाव घ्यायला बंदी करण्यासारखे आहे. अशा प्रसंगी चित्रपटाच्या बाजूने रस्त्यावर उतरावे, आणि तो पाहून झाल्यावर त्याच्या कारागिरीची चिरफाडही करावी. दोन्ही कामे एकाच माणसाने करण्यात विसंगती नाही.

शिक्षकांसाठी आणि वसतिगृहांतील मुलांसाठी

चित्रपट दाखवून ‘काय बोध घेतला?’ असे विचारण्याची आपल्या शाळांत रीत आहे. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारून पाहावेत. मी विद्यार्थ्यांबरोबर ते वापरतो.

एक, कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे? बसलेल्या माणसाकडे तो उभ्याने वरून पाहतो, की त्याच्याजवळ बसतो?

दोन, पडद्यावरचा वेळ कोणाला किती मिळाला? घड्याळ लावून मोजा. ‘पावनखिंड’ (२०२२) किंवा ‘छावा’ (२०२५) यांसारखे ऐतिहासिक चित्रपट घ्या. राजे आणि सरदार यांना जवळून घेतलेली दृश्ये किती, आणि गड बांधणारे, पाणी वाहणारे, पहारा देणारे यांना किती, ते मुलांनी वहीत मांडावे. आकडे पाहून मुले स्वतःच बोलू लागतात.

तीन, कष्ट दाखवले आहेत की केवळ हाल? हाल पाहून दया येते. कष्ट पाहिले की त्या माणसाचे कसब दिसते.

चार, आवाज कुठे थांबतो? संगीत आपल्याला रडायला सांगते आहे, की आपले आपल्याला रडू देते आहे?

पाच, जात ही घटना म्हणून येते, की हवेसारखी सर्वत्र आहे? एखादा दुष्ट पाटील मेला की प्रश्न सुटतो, असे दाखवणारी कथा जातिव्यवस्थेविषयी खोटे बोलत असते.

सहा, शेवटी प्रेक्षक मोकळा होऊन घरी जातो, की काही ओझे बरोबर घेऊन जातो?

शक्य असेल तर एखादे दहा मिनिटांचे दृश्य आधी आवाजासह आणि नंतर आवाज बंद करून दाखवावे. आवाज गेला की डोळे जागे होतात. कोण कुठे उभा आहे, कोण कोणाला अडवून बसला आहे, हे लख्ख दिसू लागते. याला खर्च नाही. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, आणि त्यातच कॅमेराही आहे. प्रश्न समजले की त्याच मुलांना सांगावे, उद्या आपल्या वस्तीतल्या एका माणसाच्या कामाचे तीन मिनिटांचे चित्रण करून आणा. फक्त कॅमेरा कुठे ठेवला आणि का ठेवला, ते सांगता आले पाहिजे. ज्याला त्या ‘का’चे उत्तर देता येईल, त्याच्या हातात नगर जिल्ह्यातला पुढचा चित्रपट सुरक्षित आहे, असे मी समजेन.